घास, सुबाभूळ, कांदा... मेंढीला नक्की काय घालू? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी पत्रांचा ढीग आलाय आणि निम्म्या पत्रांत तीच तक्रार फिरून फिरून आलीये, चारा भरपूर आहे, पैसेही घालतोय, पण मेंढ्या लागत नाहीत म्हणजे गाभणच राहत नाहीत, लागल्या तर एकच कोकरू. म्हणून या महिन्याचं सदर पूर्ण चारा आणि गाभण राहणं यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापलेली नाहीत, फक्त तालुका.

डॉक्टर नमस्कार. माझ्या ४० मेंढ्या बंदिस्त आहेत. विहिरीला पाणी आहे म्हणून वीस गुंठे लसूणघास केला, तेव्हापासून सकाळ संध्याकाळ घासच घालतो. मेंढ्या चकचकीत दिसतात पण माजावर येतात, एडका चढतो आणि परत उलटतात. शेजारचे काका म्हणतात घासानं मेंढी वांझ होते. खरं आहे का? घास मोडू का? (फलटण तालुका)

घास मोडू नका, आधी वही काढा. मेंढीचं माजाचं चक्र साधारण १७ दिवसांचं असतं, तर कुठली मेंढी कितव्या दिवशी उलटली, म्हणजे परत माजावर आली, ते लिहून ठेवा. बरोबर १६-१७ दिवसांनी येत असेल तर गर्भ धरलाच नाही, आणि २५-२८ असा मधेच कुठंतरी येत असेल तर बहुतेक धरला होता आणि आतल्या आत गेला. या दोन्हीची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे, म्हणून वही. एडक्याच्या छातीला गेरू तेलात कालवून लावा, ज्या मेंढीच्या पाठीमागे लाल डाग तिची तारीख टिपा, आठवडाभरानं रंग बदला. हे काम फुकटात होतं आणि तरी दहातले नऊ जण करत नाहीत.

आणि सगळ्या मेंढ्या १७ दिवसांनी उलटत असतील तर घासाला शिव्या घालायच्या आधी एडक्याकडे बघा. एकच एडका असेल, तो लंगडत असेल, एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली बांधलेला असेल, तर दोष त्याचा असू शकतो. उन्हाचा तडाखा बसला की त्याचं वीर्य खराब होतं आणि सुधारायला दीड-दोन महिने जातात. चढतो जोरात, पण उपयोग शून्य.

आता काकांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे आणि ते अर्धं कुठून आलं ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात असं झालं की सबटरेनियन क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्यावर चरणाऱ्या मेंढ्या दिसायला एक नंबर, पण कोकरंच होईनात. ज्या गाभण राहिल्या त्या अडायच्या, कुणाचं अंग बाहेर यायचं, कुमारी मेंढ्यांच्या कासा भरायच्या आणि सगळ्यात विचित्र म्हणजे खच्ची केलेल्या नरांना दूध यायला लागलं! १९४६ मध्ये बेनेट्स, अंडरवुड आणि शियर या तिघांनी त्यावर लेख लिहिला आणि बोट थेट चाऱ्याकडे दाखवलं. त्या क्लोव्हरमध्ये फॉर्मोनोनेटिन नावाचा पदार्थ असतो, मेंढीच्या पोटात जंतू त्याचं इक्वॉल करतात आणि हे इक्वॉल मादीच्या इस्ट्रोजेन हार्मोनसारखं वागतं. म्हणजे मेंढी रोज थोडं थोडं हार्मोनच खात होती. बरं, त्याच चाऱ्यातले याच जातीचे दुसरे काही पदार्थ पोटातले जंतू मोडून निकामी करतात, नेमका हाच एक जास्त ताकदवान होऊन बाहेर पडतो. हंगामामागून हंगाम त्याच कुरणावर राहिलेल्या मेंढ्यांच्या गर्भाशयाच्या तोंडाचा पोतच बदलून गेला, शुक्राणू वर जाईनात, आणि त्या मेंढ्या चारा बदलला तरी पूर्ववत झाल्या नाहीत. शेवटी तिकडच्या लोकांनी तो पदार्थ कमी असलेल्या क्लोव्हरच्या जाती काढल्या तेव्हा कुठं प्रश्न आटोक्यात आला.

आपला लसूणघास म्हणजे तो क्लोव्हर नव्हे. पण घासात कौमेस्ट्रॉल नावाचा भाऊबंद असतो आणि तोही इस्ट्रोजेनसारखाच वागतो. निरोगी कोवळ्या घासात तो फार कमी. पानावर तपकिरी ठिपके पडले, बुरशी आली, मावा बसला की मात्र तो भराभर वाढतो, कारण झाड रोगाशी लढायला तो तयार करतं. असा घास भरवण्याच्या, म्हणजे एडका लावण्याच्या, काळात पोटभर गेला की अंडी कमी सुटतात, जुळ्यांचं प्रमाण घसरतं, काही मेंढ्या उलटतात. यातली चांगली गोष्ट अशी की कौमेस्ट्रॉलचा परिणाम बहुतेक वेळा तात्पुरता असतो, घास थांबवला की काही आठवड्यांत मेंढी रुळावर येते. "वांझ होते" हे काकांनी जरा जास्तच ताणलंय.

तर करायचं एवढंच. एडका सोडायच्या आधी महिनाभर आणि एडका कळपात असेपर्यंत घास बंद किंवा अगदी मूठभर, आणि ठिपक्यांचा घास तर तेव्हा अजिबात नाही, तो कापून म्हशीला घाला किंवा विणलेल्या मेंढ्यांना. त्या काळात मका, मारवेल, यशवंत किंवा जयवंत नेपियर असं एकदल हिरवं आणि कडबा, वरून थोडा भरडा. मेंढी विणली की घास पुन्हा सुरू, तिथं त्याच्यासारखा चारा नाही, प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर, दूध दिसतंय तसं वाढतं. आणि घास कापायला उशीर करू नका, उभा राहिला की ठिपके पडतातच, राहुरीचा आरएल ८८ असो की आणखी कुठला.

एक राहिलं. मधेच उलटणाऱ्या किंवा तीन-चार महिन्यांत गाभडणाऱ्या मेंढ्या असतील तर चाऱ्याचा विचार बाजूला ठेवून रक्त तपासून घ्या. ब्रुसेलासारखे आजार चारा बदलून जात नाहीत, आणि ते माणसालाही होतात, पडलेला गाभ उघड्या हातानं उचलू नका.

उन्हाळ्यानंतर मेंढ्या बारीक होतात. एडका सोडायच्या आधी धान्य घातलं की जुळी होतात असं ऐकलं. किती घालायचं, कधीपासून? (सांगोला तालुका)

याला फ्लशिंग म्हणतात आणि हे खरंच काम करतं, पण सगळ्या मेंढ्यांवर नाही. म्हणून आधी हात लावून प्रत्येक मेंढीच्या अंगाला १ ते ५ असे गुण द्या, १ म्हणजे अगदी बारीक. मेंढीच्या मागं उभं राहा, शेवटच्या बरगडीच्या मागं कमरेवर हात ठेवा, अंगठा मणक्यावर आणि बोटं बाजूच्या हाडांच्या टोकांखाली. टोकं सुरीसारखी टोचत असतील आणि बोटं हाडाखाली सहज शिरत असतील तर ती १ किंवा दीड. दाबल्यावर टोकं गोल लागतात, वर थोडं मांस भरलंय, ती अडीच-तीन. हाड शोधावं लागतं ती ४, आणि ५ म्हणजे नुसती चरबी. लोकर वाढलेली असेल तर डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, लोकरीखाली सांगाडा असतो आणि आपण म्हणतो मेंढी बरीये.

फ्लशिंगचा फायदा होतो तो दोन-अडीचवाल्यांना. मध्यम-बारीक मेंढीला अचानक वाढतं खाणं मिळालं की शरीर समजतं दिवस चांगले आलेत आणि जास्त अंडी सोडतं. ४ वालीला घातलेलं धान्य वाया. आणि १ वालीला पंधरा दिवसांनी काही होत नाही, तिला दोन महिने आधीपासून सावरावं लागतं, आधी जंतांचं औषध, मग चारा.

मात्रा म्हणाल तर आपल्या दख्खनी मेंढीला रोज २०० ते २५० ग्रॅम भरडा, मका किंवा बाजरी आणि त्यात थोडी पेंड, एडका सोडायच्या दोन-तीन आठवडे आधीपासून. पहिल्या दिवशी ५० ग्रॅम, मग हळूहळू वाढवत आठवड्यात पूर्ण मात्रेवर. एकदम पाव किलो मका ओतला की पोटात आम्ल होतं, मेंढी गपगार बसते, पातळ हगते आणि दोन दिवसांत मरते, हे मी खूप वाड्यांवर, मेंढपाळांच्या तळांवर, बघितलंय आणि दरवेळी उत्तर तेच, "जरा जास्त घातलं, लवकर भरावं म्हणून".

आता एक गोष्ट जी कुणीच सांगत नाही. भरवून झाल्यावर खुराक वाढवत नेऊ नका. आपल्याकडं "आता गाभण आहे, खाऊ दे" म्हणून पहिल्याच महिन्यात रतीब सुरू होतो. जास्त खाल्लं की यकृतातून रक्त जोरात फिरतं आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन हार्मोन तिथं लवकर मोडलं जातं, रक्तातलं प्रमाण घसरतं आणि नुकता रुजलेला गर्भ सुटू शकतो. पहिला महिना बेताचं, रोज सारखं, ना उपास ना मेजवानी. त्याच महिन्यात लांबचा प्रवास, कुत्रं मागं लागणं, औषधात बुडवून धुणं हेही टाळा.

साहेब आम्ही वाड्यावरची माणसं, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन निघतो ते पावसाच्या तोंडावर घरी. आमच्यात कुणी खुराक मोजत नाही, मेंढरू आपल्याला पाहिजे ते बरोबर निवडून खातं. मग तुम्ही हे चारा निवडा चारा निवडा का लावलंय? (माण तालुका)

मामा, तुमचं बरचसं बरोबर आहे. इंग्लंडात संशोधकांनी मेंढ्यांना शेजारी शेजारी दोन कुरणं दिली, एकात पांढरा क्लोव्हर आणि एकात रायगवत, हवं ते खा. मेंढ्यांनी साधारण ७० टक्के क्लोव्हर खाल्ला आणि ३० टक्के गवत, सकाळी क्लोव्हरकडं ओढा आणि संध्याकाळ होईल तसा गवताकडं. क्लोव्हर लवकर पचतो, गवत रात्रभर रवंथ करायला पुरतं, असा त्याचा एक अर्थ लावतात. नुसता क्लोव्हर आवडतो म्हणून तोच खाऊन बसली नाहीत हे महत्त्वाचं. तुमचं मेंढरू बांधावर दोन घास हे, चार घास ते करत पुढं जातं ते उगाच नाही.

पण मेंढरू निवडतं ते आजच्या पोटासाठी. पाच महिन्यांनी कोकरू येईल का याचा हिशेब त्याच्या तोंडात नाही. वर ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली, तिथल्या मेंढ्यांनी तो घातक क्लोव्हर आवडीनंच खाल्ला होता.

आणि खुराक मोजत नाही म्हणता, पण फ्लशिंग तुमच्या वाड्यावर पिढ्यानपिढ्या चाललंय, फक्त ते पाऊस करतो. उन्हाळ्यात मेंढरं उतरतात, मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत माळ हिरवा होतो, कोवळं गवत एकदम पोटभर मिळतं आणि आषाढात माज येतो. दीडशे दिवसांच्या आत-बाहेर मोजलं तर कोकरं मार्गशीर्षाच्या आसपास, म्हणजे खरीप निघालेला, शेतात पाला आणि शेंगांचा सडा, आईला दूध. याच्याइतकं जुळवलेलं वेळापत्रक कुठल्या फार्मवर मला दिसलं नाही. अडचण येते ती पाऊस लांबतो त्या वर्षी. तेव्हा मेंढरं तशीच बारीक राहतात, माज विखुरतो, कोकरं फेब्रुवारी-मार्चपर्यंत पसरतात आणि उशिराची कोकरं उन्हाळ्यात सापडतात. अशा साली तेवढे दोन-तीन आठवडे मेंढीमागं २०० ग्रॅम भरडा किंवा वाळवून साठवलेल्या बाभळीच्या शेंगा घाला. शेंगा एप्रिल-मेमध्ये झाडाखाली पडतात, पोरं गोळा करतात, त्यातल्या थोड्या पोत्यात ठेवायला काही खर्च नाही. मात्र शेंगांवरच भागवू नका, तुरटपणा जास्त झाला की प्रथिनं पचत नाहीत.

आणि मृगाच्या आधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. पहिल्या कोवळ्या गवतावर जी धडधाकट कोकरं रात्रीत मरतात ती बहुतेक त्यानंच.

आमच्या शेताला सुबाभळीचं कुंपण आहे, मी बचत गटातून दहा मेंढ्या घेतल्यात आणि त्यांना सुबाभूळच घालते, फुकट आहे म्हणून. आता लोकर ओढली की हातात येते, आणि जी दोन कोकरं झाली ती अशक्त, गळ्याशी गाठ. रोग आहे का काही? (केज तालुका)

ताई, रोग नाही, सुबाभूळ जास्त होतेय. तिच्यात मिमोसिन नावाचा पदार्थ असतो, तो केस आणि लोकर मुळाशीच कमकुवत करतो. ऑस्ट्रेलियात तर एकेकाळी कात्रीशिवाय लोकर उतरवता येईल का म्हणून मेंढ्यांना मिमोसिन देऊन बघितलं होतं, इतकं ते पक्कं आहे! पोटात गेल्यावर मिमोसिनचं आणखी एक रूप होतं, डीएचपी, ते थायरॉइडला आडवं येतं. गळ्याची गाठ, मरगळ, कोकरू लहान आणि अशक्त जन्मणं, मेंढी नीट माजावर न येणं, सगळं त्याच वाटेनं.

यातली मजेची गोष्ट म्हणजे हवाई बेटांवर शेळ्या सुबाभूळच खाऊन मजेत होत्या आणि ऑस्ट्रेलियात त्याच पाल्यानं जनावरं आजारी पडायची. रेमंड जोन्स नावाच्या शास्त्रज्ञानं शोधलं की हवाईच्या शेळ्यांच्या पोटात डीएचपी मोडणारा एक जंतू आहे, तो तिकडच्या जनावरांच्या पोटात सोडला आणि त्रास थांबला. त्या जंतूला पुढं त्यांचंच नाव दिलं, सिनर्जिस्टिस जोन्सी. असे जंतू आपल्याकडच्या जनावरांतही सापडतात, म्हणून शेजारणीच्या शेळ्यांना काही होत नाही आणि तुमच्या नव्या मेंढ्यांना झालं, असं घडू शकतं.

आजपासून सुबाभूळ पूर्ण बंद, पंधरा-वीस दिवस. मग परत सुरू करताना एकूण चाऱ्याच्या पाव ते एक तृतीयांश, त्याच्या वर नाही, आणि गाभण मेंढीला शेवटचे दोन महिने शक्यतो नकोच. पाला तोडून उन्हात सुकवला तर मिमोसिन थोडं उतरतं. सोबत शेवरी, हादगा, दशरथ घास, जे मिळेल ते मिसळा, बांधावरचं गवत आहेच. आयोडीन असलेलं खनिज मिश्रण रोज चालू ठेवा. सुबाभूळ वाईट नाही हो, एवढी प्रथिनं फुकटात दुसरं कोण देतं, फक्त ती भाजी म्हणून वाढा, भाकरी म्हणून नाही.

एडक्याला ताकद यावी म्हणून रोज अर्धा किलो सरकी पेंड घालतोय. मित्र म्हणतो सरकीनं एडका बाद होतो. (जामनेर तालुका)

मित्राचं ऐका. सरकीत गॉसिपॉल असतं आणि ते नराच्या शुक्राणूंवर घाव घालतं. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ते बरंचसं बांधलं जातं म्हणून थोडी पेंड चालते, पण अर्धा किलो रोज, महिनोन्महिने, हे खूप झालं. १०० ग्रॅमच्या आसपास ठेवा आणि बाकीचं शेंगदाणा पेंड, हरभरा, मका यांतून भागवा. अख्खी सरकी तर एडक्याला नकोच.

आणि एडक्याचा खुराक भरवायच्या आदल्या आठवड्यात सुरू करून काही होत नाही. एडक्यात शुक्राणू तयार होऊन बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे जूनमध्ये एडका सोडायचा तर एप्रिलपासून त्याचं खाणं बघा. एडका लठ्ठही करू नका, ढेरी आली की उन्हात धापा टाकतो आणि मेंढीमागं फिरायचा कंटाळा करतो.

नारी सुवर्णाच्या मेंढ्या घेतल्यात, बऱ्याच जुळ्यांच्या गाभण आहेत. यंदा कडबाच आहे, तो पोटभर घालतो. विण्याला दहा-पंधरा दिवस राहिले की एखादी मेंढी खायची सोडते, वेगळी उभी राहते, दात खाते, भिंतीला डोकं लावते, दिसत नसल्यासारखं करते, मग बसते ती उठतच नाही. दोन गेल्या. (जत तालुका)

हा प्रश्न सगळ्यात आधी छापायला हवा होता खरं तर. तुम्ही लिहिलेली लक्षणं जुळ्यांच्या गाभणपणातल्या कीटोसिसची आहेत. असं बघा, कोकराच्या वजनातला साधारण ७० टक्के भाग शेवटच्या सहा आठवड्यांत भरतो. पोटात दोन कोकरं, त्यांनी जागा अडवलीये, जठराला पसरायला वाव नाही, आणि आपण घालतोय काय तर कडबा, ज्याची पेंढीच्या पेंढी खाल्ली तरी ताकद थोडीच. पोट भरतं, गरज भागत नाही. मग मेंढी अंगावरची चरबी जाळायला लागते, ती एवढ्या वेगानं की यकृत थकतं, रक्तात कीटोन साठतात आणि साखर खाली जाते. भिंतीला डोकं लावणं, दिसत नसल्यासारखं करणं हे मेंदूला साखर न मिळाल्यामुळं.

ही मेंढी बसायच्या आधी पकडायची. सगळ्या खायला आल्या आणि एक मागं राहिली, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ते येईपर्यंत प्रॉपिलीन ग्लायकॉल घरात असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मात्रेनं, नसेल तर गुळाचं पाणी थोडं थोडं, गिळत असेल तरच, नाहीतर ठसका लागून फुफ्फुसात जातं. एकदा बसली की शिरेतून ग्लुकोज देऊनही हाताला लागेल असं नाही.

नारी सुवर्णात हे जास्त का, तर तिचा गुणच जुळ्यांचा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतलं फेकबी जनुक दख्खनीत आणलं त्यातून ही मेंढी झाली. गरोळ ही चिमुकली, पाणथळ बंगालची, आणि हेच जनुक ऑस्ट्रेलियातल्या बूरूला मेरिनोत आहे, अठराव्या शतकाच्या अखेरीला बंगालमधून जहाजानं गेलेल्या मेंढ्यांतून ते तिकडं पोचलं असं मानतात. जनुक जुळी देतं पण चारा देत नाही. दख्खनीच्या हिशेबानं नारी सुवर्णा पाळली की असंच होतं, आणि मग लोक म्हणतात जातच नाजूक आहे.

उरलेल्या मेंढ्यांचं आजच बदला. साधारण ३५ किलोच्या मेंढीला दिवसाला सव्वा किलोच्या आसपास कोरडा भाग, म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून उरतं ते, लागतो. चारेक किलो हिरवं आणि अर्धा किलो वाळलेलं दिलं तर तो हिशेब बसतो. पण शेवटच्या सहा आठवड्यांत जुळी असलेलीला एवढं पोटात मावत नाही, म्हणून वाळलेलं कमी करा आणि ३०० ते ४०० ग्रॅम भरडा दोन वेळेत विभागून द्या, तोही हळूहळू वाढवत. कडबाच घालायचा तर कुट्टी करून, आणि त्यात भुईमुगाचा पाला किंवा हरभऱ्याचं भुसकट मिसळून. हिरवं अजिबात नसेल तर जीवनसत्त्व अ चा विचार करा, पिवळ्या पडलेल्या कडब्यात ते जवळपास नसतंच, यकृतातला साठा काही महिने पुरतो आणि मग वार अडकणं, कोकरं मेलेली किंवा अगदी मलूल होणं सुरू होतं. इंजेक्शन मिळतं, डॉक्टरांना विचारा. जमलं तर तीन-साडेतीन महिन्यांच्या आत सोनोग्राफी करून जुळ्यांच्या मेंढ्या वेगळ्या काढा, एकच कोकरू असलेलीला एवढा भरडा घातला तर ते कोकरू मोठं होऊन अडतं.

कांद्याला भाव नाही, शेतात सडतोय. गाभण मेंढ्यांना घालू का, गाभडतील का? (येवला तालुका)

घाला, पण सांभाळून. कांद्यातले गंधकाचे पदार्थ रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, गाईला हे लवकर बाधतं, मेंढी त्यामानानं बरीच सोसते. अमेरिकेत गाभण मेंढ्यांना चक्क निव्वळ कांद्यावर ठेवून पाहिलंय, रक्त कमी झालं पण कोकरांच्या संख्येत फरक पडला नाही. म्हणून तुम्ही निव्वळ कांद्यावर ठेवा असं मी म्हणत नाहीये! चाऱ्याच्या पाव भागापर्यंत, आठवडाभरात हळूहळू वाढवत. डोळ्याची खालची पापणी ओढून बघत राहा, गुलाबीची पांढरट झाली किंवा लघवी लाल-काळी दिसली की बंद. जंतांनी आधीच रक्त प्यायलेल्या मेंढीला कांदा नको. काळी बुरशी आलेला, पाणी सुटलेला कांदा उकिरड्यावर, त्याच्यात हिशेब करू नका. आणि हो, दुधाला वास येतो, कोकरांना काही वाटत नाही पण घरात चहाला वापरत असाल तर कळेल.

मुरघास मेंढीला चालतो का? (बारामती तालुका)

चालतो, मक्याचा चांगला मुरघास दिवसाला एक-दीड किलोपर्यंत बिनधास्त. पण पिशवीच्या तोंडाचा, कडेचा, बुरशी आलेला किंवा माती मिसळलेला भाग गाभण मेंढीच्या गव्हाणीत जाऊ देऊ नका, त्यात लिस्टेरियाचे जंतू वाढतात आणि मेंढ्या चौथ्या-पाचव्या महिन्यात गाभडतात, काही एका बाजूला गोल गोल फिरायला लागतात. म्हशीला चाललं म्हणून मेंढीला चालेल असं नसतं, मेंढी याला फार हळवी.

ज्वारी काढल्यावर जे हिरवे फुटवे येतात त्यात मेंढ्या सोडू का? एडका सोडायची वेळ आहे, हिरवं पाहिजे म्हणून विचारतो. (मंगळवेढा तालुका)

लगेच नाही. गुडघ्याखालचे कोवळे फुटवे, आणि पाण्याअभावी खुरटलेले तर जास्तच, त्यात सायनाइड तयार होतं, मेंढी तोंडाला फेस आणून अर्ध्या तासात आडवी होते. फुटवे चांगले कमरेएवढे होऊ द्या, आधी वाळलेलं खाऊ घालून पोट भरलेल्या मेंढ्या थोडा वेळ सोडा, किंवा कापून उन्हात पूर्ण वाळवून घाला. एवढ्या दिवसांपुरतं हिरवं पाहिजे असेल तर कॅनॉलच्या कडेचं गवत कापून आणा, दोन-तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे.

पुढच्या महिन्यात कोकरांचं दूध तोडणं आणि पहिला खुराक. प्रश्न पाठवताना मेंढ्या किती, चारा कोणता आणि रोज किती, एवढं तरी लिहा, "मेंढी खात नाही काय करू" एवढ्यावर उत्तर देता येत नाही.